पिनकोड फोडण्याची प्राथमिक मार्गदर्शिका
(पेण व रोहा तालुक्यांतील नवशिक्यांसाठी)

साहित्य: शिसपेन्सिल, खोडरबर, मुलांच्या शाळेतून उरलेली अर्धी वही आणि पिनकोड नीट वाचता येईल असं घरातलं एखादं वीजबिल किंवा लग्नपत्रिका. पाढे तीसपर्यंत येत असतील तर उत्तम. वीसपर्यंत येत असतील तरी चालेल. कॅल्क्युलेटर जवळ असेल तर तो घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी द्या. तो एका क्षणात उत्तर सांगतो आणि आपली दुपार वाया घालवतो.

सुरुवातीला एक मोठी पूर्णसंख्या लागते. ती बाजारातून आणायची गरज नाही. पेणकरांकडे ४०२१०७ आहे, रोहेकरांकडे ४०२१०९. ‘यात मोठं काय?’ असं म्हणणारा एक भाचा प्रत्येक घरात असतो. त्याचंही बरोबर आहे. २०२४ साली जी सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या सापडली ती चार कोटी दहा लाखांहून जास्त अंकांची आहे. पण ती वहीत मावत नाही, आणि तिच्या पत्त्यावर कुणी राखी पाठवत नाही. आपल्याला चार लाख दोन हजार एकशे सात पुरे.

ही संख्या आली कुठून, हे आधी माहीत असावं. पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ रोजी. तो बसवला श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. ते मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, दळणवळण मंत्रालयातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एका नावाची दोन-दोन गावं, पत्त्यावरचं अक्षर डॉक्टरांच्या चिठ्ठीसारखं, त्यात देशभरच्या लिप्या वेगळ्या, त्यामुळे टपाल भलतीकडे जायचं. आपल्याच जिल्ह्यात पाहा: चवदार तळ्याचं महाड वेगळं आणि खालापूर तालुक्यातलं वरदविनायकाचं महड वेगळं. इंग्रजीत लिहिलं की दोन्ही एकच. म्हणून आकडा आला. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र-गोवा-मध्य प्रदेशाकडचा विभाग, पहिले तीन ४०२ म्हणजे आपल्याकडची टपाल वर्गवारी, आणि शेवटचे तीन म्हणजे नेमकं वाटपाचं पोस्ट ऑफिस.

पहिली पायरी: संख्या मधोमध तोडा. टपालखात्याने ती तशी तोडूनच दिली आहे, ४०२ आणि १०७. आता मोठ्यातून लहान वजा करा. उत्तर येतं २९५. याचा उपयोग असा: ७ × ११ × १३ = १००१. आणि आपली संख्या म्हणजे ४०२ × १००१ वजा हे २९५. तेव्हा २९५ ला ७, ११ किंवा १३ ने भाग गेला तरच पिनकोडलाही जाईल. २९५ म्हणजे ५ × ५९. भाग जात नाही. एका वजाबाकीत तीन संशयित सुटले. २, ३ आणि ५ यांचं शाळेतल्या कसोट्यांनी बघून घ्या: शेवटी ७ आहे म्हणून २ आणि ५ गेले, अंकांची बेरीज १४ आहे म्हणून ३ गेला.

हीच वजाबाकी गोरेगाववर करून पाहा. मुंबईतलं गोरेगाव नव्हे, आपलं, माणगावच्या अलीकडचं की पलीकडचं हे तुम्ही कुठून येता त्यावर आहे. ४०२१०३. चारशे दोन वजा एकशे तीन, दोनशे नव्याण्णव, म्हणजे १३ × २३. तेव्हा गोरेगावला १३ ने भाग जातो आणि त्याची फाइल इथेच बंद होते.

पेणची होत नाही. इथे नवशिके दोन प्रकारचे निघतात. एक म्हणतो, ‘सहा जणांनी भाग गेला नाही म्हणजे जातच नाही.’ दुसरा ४,०२,१०६ पर्यंत प्रत्येक आकड्याने भागायला बसतो आणि गणपतीपर्यंत उठत नाही. दोघांनाही आवरा. ६३५ ला ६३५ ने गुणलं की ४,०३,२२५ येतात, म्हणजे पेणच्या पलीकडे जातं. याचा अर्थ, पेणचे दोन अवयव पडत असतील तर दोन्ही ६३५ किंवा त्याहून मोठे असू शकत नाहीत. लहानगा कुठेतरी ६३४ च्या आतच असणार. आणि त्यातही फक्त मूळ संख्यांनी भागून पाहायचं, कारण ९१ ने भाग जाणार असेल तर तो आधीच ७ ने गेला असता. ६३४ पर्यंत मूळ संख्या आहेत ११५. सहा आपण काढल्या. उरल्या १०९. (हा आकडा रोह्याचा आहे. योगायोग आहे, त्याला हार घालू नका.)

आता बसा आणि भागा. गाडीत करायचं असेल तर दिवा-रोहा मेमू बरी पडते. रस्त्याने जाणार असाल तर वेळ त्याहून जास्त मिळेल. मुंबई-गोवा महामार्गाचा क्रमांक १७ होता तोवर ती मूळ संख्या होती. पुढे त्याचा ६६ झाला, म्हणजे २ × ३ × ११, आणि रस्त्याचेही तसेच तुकडे झाले.

भागाकार करताना कंटाळा येईल असं पुस्तकात लिहितात. माझं मत वेगळं आहे. प्रत्येक भाजक कुठे जाऊन थांबतो हे पाहत राहा, कारण तो बहुतेक वेळा ओळखीच्या ठिकाणी थांबतो. ७ पेणला लागत नाही, पण एक पाऊल पुढे ४०२१०८ ला बरोबर लागतो, आणि ते आहे पोयनाड. १३ चार पावलं मागे गोरेगावला उतरला हे आपण पाहिलंच. ७९ आणि ५०९ या दोघी जोडीने तीन पावलं पुढे जातात: ५०९ × ७९० = ४०२११०. ते श्रीवर्धन.

सगळ्यांत थोडक्यात हुकतो तो १०७. पिनकोडच्या शेवटी १०७ दिसतात म्हणून नवशिक्याला वाटतं, हा नक्की जाणार. पण शेवटी दिसणं कामाचं नाही. १०७ ने भाग जायचा तर पुढच्या ४,०२,००० लाही जायला हवा, आणि तिथे १ उरतो. १०७ × ३७५८ = ४०२१०६. हा नागोठण्याचा पिनकोड. म्हणजे पेणच्या नावात असलेला आकडा जातो नागोठण्याला. या ठिकाणी माझी पेन्सिल थोडा वेळ थांबते, तुमचीही थांबू द्या.

पुढच्या भाजकांना घाई करू नका. ३५९ ला २७ उरतात, ३७३ ला १३, ५८७ ला १२. शेवटचा ६३१: ६३१ × ६३७ = ४,०१,९४७, बाकी १६०. झालं. एकही भाजक लागला नाही. पेणचा पिनकोड मूळ संख्या आहे.

हे फार दुर्मीळ आहे असं पेणकरांनी समजू नये. चार लाखांच्या आसपास साधारण तेरा संख्यांमागे एक मूळ संख्या असते. मूळ संख्या पुढे पुढे किती विरळ होतात याचा नियम १८९६ साली दोन गणितज्ञांनी, आदामार आणि द ला व्हाले पुसाँ यांनी, वेगवेगळा सिद्ध केला. तेव्हा तेरात एक. पण गोरेगाव ४०२१०३ पासून श्रीवर्धन ४०२११० पर्यंत लागोपाठ आठ पिनकोड घेतले तर त्यांत मूळ असलेला हा एकटाच, एवढं मिरवायला हरकत नाही. गणपतीच्या मूर्ती आणि पोह्याचे पापड यांच्या जोडीला पाटीवर ‘मूळ’ असंही लिहा. पुढचा माणूस विचारेल, ‘मूळ कुठले?’

आता रोहेकरांनी वही पुढे ओढावी. ४०२१०९ आणि ४०२१०७ यांत फरक दोनाचा. दोन्ही मूळ असत्या तर त्यांना जोडमूळ संख्या म्हणतात, जशा ११ आणि १३, किंवा ५९ आणि ६१. पेण आणि रोहा जोडमूळ, मधे पोयनाड! जिल्हा परिषदेने ठराव केला असता. पण तसं होत नाही, आणि ते का होत नाही हे पाहायला २३ ची कसोटी लागते. शाळेत ही शिकवत नाहीत, खरं तर शिकवायला हवी.

कसोटी अशी. शेवटचा अंक तोडा, त्याला ७ ने गुणा, उरलेल्या संख्येत मिळवा. ४०२१० मध्ये ९ × ७ म्हणजे ६३ मिळवले की ४०२७३. पुन्हा: ४०२७ अधिक २१, ४०४८. पुन्हा: ४०४ अधिक ५६, ४६०. शून्य टाका, ४६ राहिले. तेवीस दुणे शेहेचाळीस. तेव्हा रोह्याला २३ ने भाग जातो. सातानेच का गुणायचं? सात दाही सत्तर, आणि सत्तर हे तीन वेळा तेवीसपेक्षा एकाने जास्त, म्हणून. पेणवर हीच कसोटी केली तर शेवटी ३५ उरतात आणि काही होत नाही.

रोहा म्हणजे २३ × १७४८३. या १७४८३ चं काय, ते मूळ आहे का, हा पोटप्रश्न. १३२ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहावं लागतं. मी पाहिलं आहे, आहे. तुम्हीही पाहा, माझ्यावर विश्वास ठेवू नका. या विषयात तेवढी एक सोय आहे.

रोहेकरांनी खट्टू होण्याचं कारण नाही. नेमक्या दोन मूळ संख्यांचा गुणाकार ही साधी वस्तू नाही. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांनी जी गुप्तलेखनाची पद्धत काढली, जिच्यावर आज बँकांचे आणि संकेतस्थळांचे व्यवहार मोठ्या प्रमाणावर चालतात, तिचं कुलूप अशाच गुणाकाराचं असतं. फरक एवढाच की तिथली संख्या नेहमीच्या वापरात ६१७ अंकी असते आणि तिचे दोन्ही अवयव शेकडो अंकांचे. २३ सारखा अवयव ठेवला तर कुलूप लावून किल्ली दारालाच अडकवल्यासारखं होईल. पण जात तीच. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचं बालपण ज्या गावात गेलं, त्या गावाचा पिनकोड बँकेच्या कुलपाच्या जातीचा निघावा, हे मला आवडतं. यातून काही सिद्ध होत नाही, तेही सांगून ठेवतो.

पुढची पायरी लग्नसराईची. दोन गावांच्या पिनकोडांचा मसावि काढा. पूर्ण भागाकार करायची गरज नाही, मोठ्यातून लहान वजा करायचा. दोघांना भागणारी कोणतीही संख्या फरकालाही भागलीच पाहिजे. पेण आणि रोहा यांच्यात फरक २. दोघेही विषम, तेव्हा २ चालत नाही, मसावि १. म्हणजे ते सहमूळ, स्थळ बघायला हरकत नाही. आता रोहा आणि अलिबाग पाहा. ४०२२०१ वजा ४०२१०९, उरले ९२. चार तेवीस ब्याण्णव! रोह्यात २३ आहे हे माहीत आहे, फरकातही आहे, म्हणजे अलिबागमध्येही असणारच. अलिबाग फोडलं तर ३ × ३ × २३ × २९ × ६७ निघतं. रोहा आणि अलिबाग सगोत्र आहेत, गोत्र तेवीस. ज्यांची लग्नं आधीच झाली आहेत त्यांनी हा परिच्छेद वाचला नाही असं समजावं.

यानंतर प्रगत अभ्यास, आणि त्यासाठी घरचाच गुरू आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म डहाणूचा, १९०५ चा, आणि नोकरी देवळालीच्या शाळेत मास्तरकीची. ६१७४ या संख्येमुळे त्यांचं नाव जगभर गेलं. विद्यापीठातल्या अनेकांनी त्यांची गणितं हलकी मानली. पुढे १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनरने आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, मग इकडेही लोकांचं लक्ष गेलं. हा क्रम आपल्याकडे नवा नाही.

कापरेकरांचा एक खेळ असा. कोणतीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. जे येईल त्याची पहिली संख्या ही जननी. काही संख्यांना जननीच नसते, त्यांना ते स्वयंभू म्हणत. काहींना एकापेक्षा जास्त असतात, त्यांना ते जंक्शन संख्या म्हणत. १०१ चं उदाहरण प्रसिद्ध आहे: १०० अधिक १, आणि ९१ अधिक १०.

पेणवर करू. ४०२१०० च्या अंकांची बेरीज ७. मिळवली की ४०२१०७. आता ४०२०९१ घ्या. चार, दोन, नऊ, एक, सोळा. मिळवा: ४०२१०७. दोन वाटा, एकच स्थानक. रेल्वेने पाटी लावो न लावो, कापरेकरांच्या हिशेबात पेण जंक्शन आहे. रोहाही आहे: ४०२१०१ अधिक ८, आणि ४०२०९२ अधिक १७. कोकण रेल्वे रोह्यापासून सुरू होते, तेव्हा ते शोभतंही. मधल्या पोयनाडला मात्र एकच वाट आहे, ४०२०८७ अधिक २१. नागोठण्यालाही एकच, ती तुम्ही शोधा. पालीकरांसाठी एक नाजूक सूचना: बल्लाळेश्वर स्वयंभू आहे, पालीचा पिनकोड ४१०२०५ नाही. ४१०१९० मध्ये पंधरा मिळवून पाहा.

आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी हर्षद असं नाव दिलं. पेणची बेरीज १४, रोह्याची १६. विषम संख्येला सम संख्येने भाग जाणं शक्यच नाही, त्यामुळे दोघांचा हर्ष इथे संपतो. अलिबागची बेरीज ९ आणि ९ ने भाग जातो. अलिबाग हर्षद आहे. पर्यटकांना हे कुणीतरी सांगायला हवं, निदान भर पावसाळ्यात मांडव्याची लाँच बंद असताना.

सावधगिरी. अंकांची बेरीज करत करत एका अंकावर येऊन ‘पेणचा ५ म्हणजे बुध’ असं सांगणारे भेटतील. त्यांना नम्रपणे विचारा की ४०२१०७ ला ४२१ ने भागलं तर किती उरतात. (५२ उरतात.) ते चहा संपवून निघून जातील.

आता एक गोष्ट, जी खरं म्हणजे सुरुवातीलाच दिसायला हवी होती. पिनकोड ओळीने लिहा: गोरेगाव १०३, माणगाव १०४, म्हसळा १०५, नागोठणे १०६, पेण १०७, पोयनाड १०८, रोहा १०९, श्रीवर्धन ११०. काही दिसतं? ही नावं रोमन अक्षरांच्या क्रमाने लागली आहेत. जी, एम, एम, एन, पी, पी, आर, एस. योगायोग म्हणायला हे फारच शिस्तीत आहे. कुणीतरी एका टेबलावर यादी इंग्रजीत लावली आणि वरून खाली आकडे टाकत गेला, असंच दिसतं.

तीच आठ नावं आपल्या बाराखडीने लावून पाहा. गोरेगाव, नागोठणे, पेण, पोयनाड, माणगाव, म्हसळा, रोहा, श्रीवर्धन. गोरेगाव पुन्हा १०३. पण पेणला येतो १०५, ज्याला डोळे मिटून ५ ने भाग जातो. पोयनाडला १०६. आणि १०७, तो माणगावला! म्हणजे पेणचा मूळपणा एबीसीडीच्या कृपेने आहे, आणि मराठीत यादी झाली असती तर आज माणगावकर हा लेख कापून दुकानात लावत असते. रोहा दोन्ही याद्यांत सातवंच, दोन्हीकडे १०९, दोन्हीकडे तेवीस. तेवीस रोह्याचा पिच्छा सोडत नाही. एवढं मात्र खरं, की यादी कशीही लावा, भाग न जाणारी ती एक जागा १०७ चीच राहते. तिथे कुणाला बसवायचं एवढंच कारकुनाच्या हातात होतं.

सरावासाठी. श्रीवर्धन घेऊ नका, शेवटी शून्य आहे, लाज वाटेल इतकं सोपं. मुरूड ४०२४०१ घ्या. तोडून वजाबाकी केली की ४०२ वजा ४०१, उरतो १, आणि वाटतं की ही काही पडत नाही. जंजिरा कुणाला जिंकता आला नाही, पण मुरूडचा पिनकोड १९ ने पडतो. ते जमलं की महाड, ४०२३०१. सतरा, एकोणीस, तेवीस, एकोणतीस, एकतीस, कुणीच लागणार नाही. तिथे वही मिटू नका, सदतीसने भागा. मग जे १०८७३ उरतील त्यांचे आणखी दोन अवयव पडतात. ते इथे देत नाही. त्यांतला लहान शंभराच्या आत आहे.